नकाशातली उघाडी

गेल्या गौरीगणपतीत माझा भाचा पेणकडून आला. नेहमीसारखे पोह्यांचे पापड आणि वालाची पिशवी त्याने आणली होतीच, पण या खेपेस काखेत कागदाची एक गुंडाळीही होती. आरती झाली, पोरे पत्त्यांच्या डावाला बसली, तशी त्याने ती गुंडाळी ओटीवर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. तो त्यांच्या गावचा नकाशा होता.

"मामा, आमचं गाव यादीत आलंय," तो म्हणाला. "आई म्हणाली, दादाला विचार. त्यानं एक शहर उभं राहताना पाहिलंय."

यादी कोणती ते सांगायला नकोच. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली १२४ गावे २०२४ साली नव्या शहरासाठी अधिसूचित झाली, तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक दहाव्याला तोच एक विषय आहे. भाच्याला माझ्याकडून हवे होते ते एवढेच, की शहराचा आराखडा येईल तेव्हा त्यात बघायचे काय.

वाचकहो, मी काही नगररचनेचा पदवीधर नाही. मॅट्रिकला दोनदा बसलेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. पण १९७१ साली, अठराव्या वर्षी, मी मोजणीच्या टोळीत रोजंदारीवर साखळी धरली. ती साखळी ज्या शेतांवरून ओढली, तिथे आज नवी मुंबई आहे. त्यातलेच एक शेत माझ्या बापाचे होते.

आमचे गाव खाडीच्या काठचे. जमीन खारी. डोंगराकडच्या शेतकऱ्याला खारजमिनीची कल्पना यायची नाही, म्हणून थोडे सांगतो. भरतीचे पाणी अडवायला खाडीच्या बाजूने चिखलमातीचा मोठा बांध घालायचा. त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. पावसाचे गोडे पाणी आत साठते, ते जमिनीतले मीठ धुऊन काढते आणि मग भात येतो. पण साठलेले पाणी बाहेर काढायचे कसे? त्यासाठी बांधात एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. दगडी बांधकामात लाकडी झडपा बसवलेल्या असतात. भरती आली की खाडीचे पाणी त्या झडपा बाहेरून दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. माणसाने फक्त झडपेत काटकी अडकली नाही ना, एवढे बघायचे. माझे बाबा पावसाळ्यात रात्री-अपरात्री कंदील घेऊन उघाडी बघायला जात. बांधाला एकदा खांड गेली, की खारे पाणी आत शिरते आणि पुढची दोन-तीन वर्षे पिकाचे नाव नको. म्हणून साऱ्या गावाने मिळून बांध राखायचा, ही रीत. खांड बुजवायला घरटी एक माणूस गेलाच पाहिजे, मग तो कोणी का असेना.

असल्या जमिनीवर शहर बांधायचे कोणाच्या मनात आले? त्याचे कारण मुंबईच्या अंगलटीत आहे. मुंबई म्हणजे उत्तर-दक्षिण लांबट बेट. कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि राहायला जागा उत्तरेला, म्हणजे रोज सकाळी सारे शहर एका दिशेला धावते आणि संध्याकाळी उलटे. १९६१ च्या खानेसुमारीत मुंबईत सुमारे ४१ लाख माणसे होती, १९७१ मध्ये ती ६० लाखांच्या घरात गेली. तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकात मांडले की मुंबई उत्तरेकडे ताणत बसण्यापेक्षा खाडी ओलांडून पूर्वेला जुळे शहर उभारा. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही खाडीपलीकडच्या विकासाचीच शिफारस केली. १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आले. माणसे वसवायची होती २० लाख.

आमच्या टोळीत सर्व्हेअर साहेब देशावरचे होते, शेतकऱ्याच्याच घरातले. दुपारी भाकरी खाताना ते मला नकाशा वाचायला शिकवत. एके दिवशी त्यांनी चुन्याने जमिनीवर एक रेघ काढली आणि तिच्यावर ओळीने खडे ठेवले.

"ही आगगाडी," ते म्हणाले. "आणि हे खडे म्हणजे शहराचे भाग. मुंबईचं काळीज एकच आहे, म्हणून सगळे तिथं धावतात. या शहराला अनेक काळजं ठेवायची."

त्या खड्यांना कागदावर 'नोड' म्हणत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, नवे पनवेल, उलवे, द्रोणागिरी अशी पुढे नावे झाली. एकंदर १४ नोड. प्रत्येकाला आपले स्टेशन, आपला बाजार, आपल्या शाळा, दवाखाना, मैदान. नोडचे पुन्हा सेक्टर पाडायचे. पोराला शाळेत चालत जाता यावे, बाईला भाजी आणायला गाडी पकडावी लागू नये, हा त्यातला हिशेब. आणि कामधंदाही जवळच असावा. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने आधीच होते, बेलापुरात कचेऱ्या आणायच्या होत्या.

मला ते ऐकून नवल वाटले नाही. आपल्याकडे तालुक्याचे गाव, बाजाराचे गाव, त्याभोवती खेडी आणि वाड्या, अशी रचना असतेच. प्रत्येकाचा आठवडी बाजार वेगळ्या वारी. शहराने खेड्याकडून उचललेली ती एक शहाणी गोष्ट, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

मग तो दिवस आला. मोजणी आमच्या शेतावर पोहोचली. मी आदल्या रात्री घरी सांगितले, उद्या मी कामाला जात नाही. गावात आधीच कोणी माझ्याशी धड बोलत नव्हते. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साखळी कोणी तरी धरणारच. तू धरलीस तर निदान बांध तरी तुडवणार नाहीस."

मी गेलो. बाबा बांधावर बसून होते. आमच्या शेतातून साखळी सरळ गेली, मी खुंट्या ठोकल्या. तेवढ्यात पावसाची सर आली आणि सगळे आमच्या खोपीत शिरले. बाबांनी साहेबांना एकच गोष्ट विचारली. जमिनीचा भाव विचारला नाही, मोबदला कधी तेही विचारले नाही. त्यांनी विचारले, "साहेब, एवढी घरं बांधाल, मग भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी कुठं जाईल?"

साहेबांनी दुसरा कागद काढला. त्यावर खाडीच्या कडेने निळे डाग होते. ते म्हणाले, हे धारण तलाव. नाल्यांचे पाणी आधी यांत येईल. खाडीच्या तोंडाशी झडपा असतील. भरतीला त्या मिटतील, तोवर पाणी तलावात थांबेल, ओहोटीला झडपा उघडतील आणि पाणी निघून जाईल.

बाबा कागदाकडे पाहत राहिले. "म्हणजे उघाडीच की," ते म्हणाले आणि हसले. त्या वर्षात त्यांना हसताना मी तेवढेच एकदा पाहिले.

निळ्या डागाखाली पाणी होते, पिवळ्याखाली घरे, हिरव्याखाली मैदाने. पण आमचे गाव कुठे होते? गावठाणाभोवती एक रेघ होती, तेवढेच. नोड त्या रेघेला वळसा घालून पुढे गेले होते. शहरात येणाऱ्या २० लाखांची सोय कागदावर मोजून मांडली होती, पण त्या रेघेच्या आतल्या माणसाला उद्या दोन मुले झाली, मुलांची लग्ने झाली, तर ती राहणार कुठे, याला जागा ठेवलेली नव्हती. पुढे आमच्या पोरांनी गावठाणाला लागून गरजेपोटी घरे बांधली, एकाला एक खेटून, आणि तीच मग अनधिकृत ठरली. तो घोळ पन्नास वर्षांनंतरही पुरता मिटलेला नाही.

मोबदल्याचा इतिहास तर सर्वांना ठाऊक आहे. दि. बा. पाटील साहेबांच्या मागे आमची आगरी-कोळी माणसे, बायकापोरांसह, रस्त्यावर उतरली. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई-दास्तान फाट्याकडे गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. ज्याची जमीन गेली, त्याला शहरात जमिनीचा काही भाग परत. नवे शहर बांधताना मूळ मालकाला त्यात भागीदार करायचे, हा धडा आमच्या लोकांनी रक्त सांडून दिलेला आहे. पण हिशेब नीट समजून घ्या. एकर म्हणजे ४० गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातले पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा झाले, म्हणजे हातात एकरी साडेतीन गुंठे.

नियोजनात चांगले काय झाले तेही सांगितले पाहिजे. रस्ते रुंद आहेत, मैदाने आहेत, झाडे आहेत. बेलापुरात कोरियांनी १९८० नंतरच्या वर्षांत एक वसाहत बांधली. सात-सात घरे एका अंगणाभोवती. कोणाची भिंत कोणाला लागलेली नाही, म्हणजे ज्याला जमेल तसे त्याने आपले घर वाढवावे. मी ती बघायला गेलो तेव्हा अंगणात बाया कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. आमच्या वाडीत बसतात तशाच. आणि तुम्ही नाशिकचे असा, जुन्नरचे असा की साताऱ्याचे, तुमचा कांदा, तुमची भाजी आज जिथे उतरते तो वाशी-तुर्भ्याचा घाऊक बाजारही याच आराखड्याचा भाग. दक्षिण मुंबईच्या बोळांतून ट्रक बाहेर काढायचे म्हणून बाजार खाडीपार आणला. कांदा-बटाटा १९८० च्या सुमारास आला, भाजीपाला १९९६ मध्ये. त्या बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी भावांची घरेही कोपरखैरण्याकडे झाली.

पण कामांचा क्रम चुकला. खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला, आगगाडी मात्र वाशीला १९९२ मध्ये आली आणि पनवेलला १९९८ मध्ये. ज्या दोरीत मणी ओवायचे ती दोरीच वीस वर्षे उशिरा. तोवर माणसे बसमधून लोंबकळत मुंबईलाच कामाला जात राहिली. सरकारी कचेऱ्या ठरल्या होत्या तेवढ्या आल्याच नाहीत. आणि ते निळे धारण तलाव? त्यांत गाळ भरला, गाळावर कांदळवन उगवले. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी, आणि ती योग्यच आहे, पण गाळ वेळच्या वेळी काढला असता तर हा पेच पडला नसता. उघाडी बांधून भागत नाही, कंदील घेऊन तिच्याकडे जाणारा माणूस लागतो.

हे सारे भाच्याला सांगून झाल्यावर आम्ही लाल पेन्सिल घेतली. मी म्हणालो, "आराखडा यायच्या आधी आपलं गाव आपण भरून ठेवू. म्हणजे तो आला की ताडून बघता येईल." आधी पाणी. नाले कुठून येतात, बाहेरकाठा कुठे, उघाड्या किती, गेल्या वीस वर्षांत खांड कुठे गेली. मग गावठाण, आजच्या घरांची संख्या आणि पुढच्या तीस वर्षांत लागणारी जागा. मग स्मशान, देवळे, मासळी सुकवायची जागा, होड्या लावायचा धक्का, गुरांची वाट. मग शाळा आणि दवाखाना पायी किती अंतरावर. आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतात, त्या ठरलेल्या मुदतीत लेखी द्यायच्या आणि पोच घ्यायची. नुसते 'आमचा विरोध आहे' एवढे लिहून चालत नाही. विरोध असो की संमती, आपल्या गावात काय कुठे आहे ते आपणच सर्वांत आधी कागदावर आणावे. नाही तर दुसरा कोणी आपल्या उघाडीवर शाळेची इमारत काढून मोकळा होतो.

भाचा मन लावून खुणा करत होता. शेवटी मी विचारले, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?"

"बाबा गेल्यावर माझ्या नावावर केला."

"तुझ्या आईचं नाव? बहिणींची?"

तो म्हणाला, "त्यांचं काही म्हणणं नाही मामा."

मला घास गिळल्यासारखे झाले. कारण हेच वाक्य मी एकदा बोललो होतो.

बाबा १९८९ मध्ये गेले. साडेबारा टक्क्यांतला आमचा भूखंड मंजूर व्हायची वेळ आली तेव्हा वारसांच्या सह्या लागल्या. आम्ही दोघे भाऊ आणि ही धाकटी बहीण. १९७४ साली तिचे लग्न झाले ते जमिनीच्या मोबदल्याच्या पहिल्या पैशातून, म्हणून तिचे देणे फिटले असे आम्ही धरून चाललो. वडिलांच्या मागे मुलीचाही वाटा असतो, हे कायद्यात तेव्हाही होते. मी हक्कसोडीचा कागद घेऊन तिच्या दारी गेलो. तिने मला जेवायला वाढले, हात पुसले आणि सही केली. भूखंड हाती येण्याआधीच आम्ही तो एका बांधकामवाल्याला विकून टाकला. धाकट्या भावाने टेम्पो घेतला, मी घराला स्लॅब घातला. टेम्पो पाच वर्षांत मोडीत निघाला. आज त्या भूखंडावर सात मजले आहेत आणि खाली औषधाचे दुकान आहे, तिथून मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणतो. आमच्या बाबतीत जे चुकले त्यातले अर्धे आम्हीच चुकवले, हे या वयात कबूल करायला हरकत नाही.

मी भाच्याला हे सगळे सांगितले. त्याच्या आईने त्याला यातले काहीच सांगितलेले नव्हते.

विसर्जनानंतर मी त्याच्याबरोबर पेणला गेलो. बहीण आता सत्तरीची आहे. मी तिला म्हणालो, "तुझ्याकडून तेव्हा सही घेतली ती माझी चूक होती." ती सुपात वाल पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "दादा, मी तो कागद वाचलासुद्धा नव्हता. तू मागितलीस, म्हणून केली." एवढे बोलून ती चहा ठेवायला उठली. त्यावर मी काय बोलणार?

दुपारी भाचा तलाठ्याकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज घेऊन आला. आईचे नाव, दोन्ही बहिणींची नावे. बहिणींना त्याने तिथूनच फोन लावला. धाकटी आधी नको नको म्हणाली. मग रडली म्हणे.

संध्याकाळी आम्ही तिघे त्यांच्या शेतावर गेलो. भात निसवत आला होता. ओहोटी लागली होती आणि उघाडीच्या झडपा अर्ध्या उघडून आतले पाणी खाडीत चालले होते. एका झडपेत ओंडका अडकला होता. भाचा खाली उतरला आणि त्याने तो ओढून काढला. मी वर बांधावर नकाशा गुडघ्यावर धरून बसलो आणि जिथे उघाडी होती तिथे लाल पेन्सिलीने गोल केला.

बहीण वाकून बघत होती. म्हणाली, "जरा मोठा काढ. त्यांना दिसला पाहिजे."